विक्रम साराभाई : टीव्ही शेवटच्या गावात कसा पोचेल, याचा हिशोब मांडणारा माणूस

वसई : २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ बहुतेकांना आठवत असेल. चांद्रयान-३ चं लँडर चंद्रावर उतरत होतं आणि देशभर लोक हातातल्या मोबाईलवर ते बघत होते. ज्यांच्याकडे रेंज होती ते बघत होते, असं म्हणायला हवं. त्या लँडरचं नाव ‘विक्रम’. हे नाव ज्यांच्यावरून ठेवलं ते डॉ. विक्रम अंबालाल साराभाई. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो असतो. रॉकेटवाले शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख आपल्या डोक्यात राहते.

पण रॉकेट हे त्यांच्या कामाचं एक टोक झालं. दुसरं टोक गावातल्या टीव्हीपाशी येऊन थांबतं. शहरात मनोरा उभा केला तर चित्र कुठवर जाईल, त्या घेऱ्याच्या बाहेर किती गावं राहतील आणि त्यांचं काय करायचं, हा हिशोब या माणसाने मांडला तेव्हा अख्ख्या देशात टीव्हीचं केंद्र एकच होतं, दिल्लीचं.

हा विषय आता परत निघालाय. इंटरनेट नको, डेटा पॅक नको, मनोऱ्यावरून सरळ मोबाईलवर टीव्ही, असं ‘डायरेक्ट टू मोबाईल’ म्हणजे डी-टू-एम तंत्र आपल्या देशात चाचणीत आहे. १९ शहरांत चाचण्या घेण्याचा विचार केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये बोलून दाखवला होता. शहर म्हटलं की आपल्यासारख्या अर्ध्या शहरी, अर्ध्या गावाकडच्या तालुक्याला प्रश्न पडतो, की आपण घेऱ्याच्या आत की बाहेर? म्हणून साराभाईंची गोष्ट आज सांगायची.

गिरणीमालकाच्या घरात

१२ ऑगस्ट १९१९ ला अहमदाबादेत त्यांचा जन्म झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक, शहरातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक. आई सरलादेवी. आठ भावंडं. मुलांना बाहेरच्या शाळेत न घालता आईने बंगल्यातच शाळा काढली, मॉन्टेसरी पद्धतीची. घरी रवींद्रनाथ टागोरांसारखी माणसं येऊन राहत.

हे घराणं मजेशीर होतं. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी गांधीजींच्या नेतृत्वाखाली संप केला, तेव्हा मालकांच्या बाजूने अंबालाल होते आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. भावाच्या गिरणीविरुद्ध बहीण उभी, आणि तरी घरचे संबंध तुटले नाहीत. याच अंबालालांनी त्याआधी गांधीजींचा आश्रम पैशाअभावी बंद पडायच्या बेतात असताना गुपचूप पैसे नेऊन दिले होते. विक्रमची मोठी बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेली. पैसा भरपूर, पण तो नुसता भोगायचा नसतो हे मुलाने घरातच पाहिलं.

विक्रम शिकायला केंब्रिजला गेले. १९४० मध्ये पदवी मिळाली, तोवर दुसरं महायुद्ध पेटलेलं. परत येऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम सुरू केलं. विषय होता विश्वकिरण. अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे हे अदृश्य कण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर किती येतात, ते मोजायचं. बंगळूरला मोजलं, पुण्यात मोजलं, काश्मीरच्या डोंगरावर यंत्रं चढवून मोजलं. एकाच जागी बसून आलेला आकडा सगळ्यांना लागू करायचा नाही, जागा बदलली की आकडा बदलतो, ही सवय तिथे लागली असावी. पुढे टीव्हीच्या कामात ती दिसते.

बंगळूरलाच त्यांची गाठ होमी भाभांशी पडली आणि नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशीही. १९४२ मध्ये विक्रम-मृणालिनी यांचं लग्न झालं. मृणालिनींची बहीण म्हणजे आझाद हिंद सेनेतल्या कॅप्टन लक्ष्मी. युद्ध संपल्यावर विक्रम पुन्हा केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले.

देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि हा २८ वर्षांचा तरुण अहमदाबादेत एकामागून एक संस्था उभ्या करत सुटला. ११ नोव्हेंबर १९४७ ला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, तीही एका कॉलेजच्या खोल्यांमध्ये. कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी ‘अटिरा’, पुढे १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबाद, मृणालिनींसोबत ‘दर्पण’ ही नृत्यसंस्था. घरच्या औषध कंपनीचं कामही बघायचेच. ही यादी लांबवता येईल, पण आपल्याला रॉकेटकडे जायचंय.

चर्चमधलं रॉकेट केंद्र

१९६२ मध्ये सरकारने अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली, अध्यक्ष साराभाई. रॉकेट सोडायला जागा हवी होती, आणि तीही पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळची, कारण तिथल्या वरच्या हवेचा अभ्यास करायचा होता. शोधता शोधता केरळातलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव सापडलं. जागा हेरणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. साराभाईंच्या सोबत पहिल्यापासून असलेला हा मराठी माणूस पुढे टीव्हीच्या प्रयोगाचाही मोठा भार उचलणार होता.

अडचण अशी की नेमक्या त्या जागेवर सेंट मेरी मॅग्डलिनचं चर्च होतं, बिशपांचं घर होतं आणि कोळ्यांची वस्ती होती. आपल्या वसईच्या किनारपट्टीवरच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. चर्च, होड्या, वाळूत सुकत घातलेली मासळी. अशा ठिकाणी सरकारने येऊन जागा मागितली तर काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. साराभाई स्वतः बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी निर्णय परस्पर न घेता रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांपुढे विषय ठेवला आणि लोकांनी होकार दिला. त्यांना दुसरीकडे घरं आणि नवं चर्च बांधून दिलं गेलं. जुन्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांचं ऑफिस झालं. आज तिथे अवकाश संग्रहालय आहे, इमारत पाडलेली नाही.

रॉकेटचे भाग सायकलवरून नेतानाचा फोटो बऱ्याच जणांनी व्हॉट्सअॅपवर पाहिला असेल. तो थुंबाचाच. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेने दिलेलं होतं, नाव ‘नाइकी-अपाची’. स्वतःची रॉकेटं बनवायला माणसं हवीत म्हणून साराभाईंनी परदेशातली मराठी, तामिळ, मल्याळी, बंगाली पोरं हेरून परत आणली. वसंत गोवारीकर त्यांतलेच.

तारापूरशी नातं

२४ जानेवारी १९६६ ला होमी भाभा विमान अपघातात गेले. त्यांची खुर्ची, म्हणजे अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद, त्याच वर्षी साराभाईंकडे आली. आयोगाचं मुख्यालय मुंबईत. तेव्हापासून अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, तिरुवनंतपुरम अशी त्यांची सततची धावपळ सुरू झाली.

आपल्या जिल्ह्याचा आणि त्यांचा थेट संबंध इथे येतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार भाभांच्या काळात झाला होता, पण उभारणी पूर्ण झाली आणि वीज सुरू झाली ती साराभाई अध्यक्ष असताना. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपण सगळे ठाणे जिल्ह्यातच. म्हणजे बघा, ज्या वर्षी तारापूरची वीज मुंबई-गुजरातला जायला लागली, त्याच वर्षी हा माणूस खेड्यातल्या टीव्हीसाठी अमेरिकेशी करार करत होता.

मनोऱ्याचा घेरा म्हणजे काय

साराभाईंचा टीव्हीचा हिशोब समजायचा तर आधी घेऱ्याचं गणित कळायला हवं. ते अवघड नाही.

टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वी गोल, त्यामुळे पुढे पुढे जमीन खाली वाकत जाते आणि लहर वरून निघून जाते. मनोरा जितका उंच तितकं लांब दिसतं. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा जवळपास ३०० मीटर उंच आहे. आडकाठी काही नाही असं धरलं तर इतक्या उंचीवरून क्षितिज सुमारे ७० किलोमीटरवर येतं. घराच्या छपरावर १० मीटर उंचीला अँटेना लावला तर आणखी १३ किलोमीटर मिळतात. म्हणून तर लोक पाईपवर पाईप जोडून अँटेना उंच करत होते. कागदावर असा एकूण घेरा ८० किलोमीटरच्या थोडा पुढे जातो.

आता नकाशा काढा. वरळीपासून वसई सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, विरार पन्नासच्या आत-बाहेर, पालघर पंचाहत्तर, तारापूर नव्वदच्या पुढे, जव्हार शंभरच्याही पुढे. कागदावरच्या गोलात वसई-विरार मजेत आत आहे. प्रत्यक्षात मध्ये डोंगर आहेत. पश्चिमेला समुद्राकडचा निर्मळ, आगाशी, अर्नाळा हा पट्टा मोकळा. पण तुंगारेश्वरच्या पलीकडे पारोळ, शिरवली, भाताणे, मेढे या बाजूला गेलात की डोंगराची सावली पडते. उन्हाची पडते तशीच लहरींची. तालुका एकच आणि अंतरातही फार फरक नाही, तरी एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या.

म्हणून घेरा गणिताने काढून भागत नाही, तो जाऊन मोजावा लागतो. मोजायची पद्धत अशी, की गाडीवर १० मीटरचा दांडा उभा करायचा, वर ठरावीक अँटेना, खाली सिग्नलची ताकद मोजणारं यंत्र. मनोऱ्यापासून निघणाऱ्या वेगवेगळ्या दिशांच्या रस्त्यांनी जायचं, ठरावीक अंतरावर थांबायचं, दांडा चढवायचा, आकडा लिहायचा. मोबाईलवरच्या डिजिटल टीव्हीची मोजणी वेगळी. फोन काही १० मीटरवर नसतो, दीड मीटरवर हातात असतो, खिशात असतो, पत्र्याच्या घरात असतो, चालत्या एसटीत असतो. त्याचा अँटेना बोटाएवढाही नाही. छपरावरच्या अँटेनाला जेवढा सिग्नल मिळतो त्याच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी घरातल्या फोनला मिळू शकतो. त्यामुळे गाडी चालवत, जीपीएस लावून, सेकंदासेकंदाला नोंद घ्यावी लागते. आणि नियम कडक. चालत्या फोनवर चांगली सेवा आहे असं म्हणायचं तर त्या भागात १०० पैकी ९९ ठिकाणी सिग्नल पुरेसा मिळायला हवा.

जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, पण क्रिकेटचा स्कोअर तरी कळायचा. डिजिटलमध्ये मधलं काही नाही. चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोनी तुकडे होऊन थिजतं आणि पडदा काळा. कड्याच्या टोकावर उभं राहावं तसं. त्यामुळे नकाशावर घेऱ्याची रेघ कुठे ओढली, याला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलंय.

साराभाईंचा उलटा हिशोब

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला तो लहानशा यंत्रावर, आठवड्यातून थोडा वेळ. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक टीव्ही ठेवून ‘कृषी दर्शन’ सुरू झालं. या प्रयोगामागे साराभाईंचा अणुऊर्जा विभागही होता. गावकरी टीव्ही बघून बी-बियाणं, खतं यांची माहिती खरंच वापरतात का, हे त्यांना पाहायचं होतं. वापरतात असं दिसलं.

मग पुढे काय? सरळ वाट अशी होती, की आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत मनोरे, नंतर लहान शहरं, मग तालुके, आणि पैसे उरले तर गावं. जगात सगळीकडे असंच झालं होतं. साराभाईंनी हा क्रम उलटा करून बघितला. देशात साडेपाच लाखांवर गावं. मनोऱ्यांचे घेरे एकाला एक लावत गेलो तर शेवटचं गाव कधी येईल? कितीतरी दशकांनी. आणि तोवर ज्याच्याकडे रस्ता, शाळा, दवाखाना आधीच आहे त्यालाच टीव्हीही मिळेल. ज्याच्याकडे काहीच नाही तो आणखी मागे पडेल.

१९६७-६८ मध्ये भारतीय आणि अमेरिकेच्या नासाच्या माणसांनी मिळून पर्यायांचा खर्च मांडला. नुसते मनोरे, नुसता उपग्रह, की दोन्हींची सांगड? दाट वस्तीत मनोरे आणि विखुरलेल्या गावांना थेट उपग्रहावरून, अशी सांगड स्वस्त आणि लवकर होणारी निघाली. उपग्रह विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर थांबलेला असतो. इतक्या उंच ‘मनोऱ्या’ला तुंगारेश्वर काय आणि सह्याद्री काय, आडवा येत नाही. त्याच्या दृष्टीने विरार आणि मोखाडा सारखेच.

लोकांनी हरकत घेतली, आणि ती चुकीची नव्हती. देशात दुष्काळ, धान्य अमेरिकेतून जहाजाने येतंय, प्यायला पाणी नाही, आणि हे म्हणतात आकाशातून टीव्ही! साराभाईंचं म्हणणं असं होतं की अवकाशातल्या शर्यतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करायची आपल्याला हौस नाही, पण आपल्या माणसांचे प्रश्न सोडवायला नवं तंत्र वापरण्यात आपण मागे राहता कामा नये. या वादात आमचं मत साराभाईंच्या बाजूने पडतं. पाणी आणि टीव्ही यांत एक निवडा असं सांगणाऱ्यांनी पाणी तरी कुठे दिलं, हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला विचारा.

१५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. पुढच्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, नासाशी करार झाला. त्यानुसार अमेरिका आपला एक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला देणार होती. जमिनीवरची सगळी यंत्रं आणि सगळे कार्यक्रम भारताने करायचे होते. ही अट साराभाईंना हवीच होती. तयार माल आणून लावला तर आपली पोरं शिकणार कधी?

त्याच सुमारास महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे, उपग्रहामार्फत परदेशाशी फोन आणि संदेश जोडणारं भू-केंद्र उभं राहत होतं. जवळपास ३० मीटर व्यासाची प्रचंड थाळी. हे कामही साराभाईंनी भारतीय इंजिनिअरांकडून करून घेतलं. आज त्या केंद्राला त्यांचं नाव आहे.

कोवळमची रात्र

डिसेंबर १९७१ च्या शेवटी साराभाई थुंबाला कामासाठी गेले होते. भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपक रॉकेटच्या आराखड्यावर बैठका चालू होत्या. त्या टीममध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम होते, त्यांच्याशी साराभाईंचं फोनवर बोलणंही झालं. त्यानंतर मुंबईला निघायचं होतं. ३० डिसेंबरला कोवळमच्या मुक्कामी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. दोन खात्यांचा डोंगर एकट्याने वाहिल्याचा हा परिणाम, असं त्यांच्या जवळची माणसं मानत. पद्मभूषण १९६६ मध्येच मिळालं होतं, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं. चंद्रावरच्या एका विवराला १९७३ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे ते गेल्यावर नऊ महिन्यांनी. उपग्रहाचा प्रयोग तर त्यांनी पाहिलाच नाही.

नंतर काय झालं

हा प्रयोग म्हणजे ‘साईट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यं, २,४०० गावं. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान. महाराष्ट्र यात नव्हता. गावं निवडताना मागासलेले भाग मुद्दाम घेतले. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह सरकवून आफ्रिकेच्या वर आणून ठेवला. गावात १० फुटी थाळी, आणि ती कशाची तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची! अहमदाबादच्या केंद्रातल्या इंजिनिअरांनी ती स्वस्त पडावी म्हणून तशी बनवली. टीव्ही संच हैदराबादच्या सरकारी कारखान्याचे. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. बऱ्याच गावांत लोकांनी सिनेमाही कधी पाहिला नव्हता, त्यांनी आयुष्यात पहिलं हलतं चित्र पाहिलं ते उपग्रहावरून.

साराभाईंची मोजायची सवय त्यांच्या माणसांनी इथे पाळली. नुसता सिग्नल मोजून ते थांबले नाहीत. अभ्यासक गावात जाऊन महिनोन् महिने राहिले. टीव्ही कोण बघतं, बायका येतात का, दलित वस्तीतले लोक समोर बसतात की मागे, पाहिलेलं शेतात उतरतं का, अशा नोंदी घेतल्या. सिग्नल गावात आला म्हणजे तो घराघरात आला असं नाही, हे त्यातून कळलं.

वर्ष संपलं. अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि जाळीच्या थाळ्या एका रात्रीत निकामी झाल्या. मग सरकारने जयपूर, हैदराबाद, रायपूर, गुलबर्गा, संबलपूर, मुजफ्फरपूर इथे मनोरे उभे केले. त्या मनोऱ्यांच्या घेऱ्यात जी गावं आली त्यांचा टीव्ही परत चालू झाला, बाकीची अंधारात गेली. साराभाईंनी जो घेरा मोडायचा म्हटलं होतं, तो परत आला.

स्वतःचा उपग्रह, इन्सॅट-१बी, १९८३ मध्ये वर गेला. पण पुढच्या वर्षी देशभर जे लहान लहान मनोरे धडाधड उभे राहिले ते मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पोचवायला. शेतकऱ्यासाठी त्याच्या बोलीत कार्यक्रम, ही कल्पना मागे पडत गेली. आपल्याकडे ‘आमची माती आमची माणसं’ पुष्कळ वर्षं तग धरून राहिला, तेवढाच काय तो आधार.

तरी एक गोष्ट त्यांची खरी झाली. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची महिना-पैसे न लागणारी डीटीएच सेवा आली, तीच आजची डीडी फ्री डिश. भाताण्याच्या किंवा जव्हारच्या घरावर आग्नेयेकडे तोंड करून बसलेली ती लहान थाळी म्हणजे साईटच्या जाळीच्या थाळीची नात. उपग्रह आपल्याकडून आकाशात पंचावन्न-साठ अंश वर दिसतो, त्यामुळे डोंगराच्या पोटातल्या पाड्यालाही तो सापडतो. दूरदर्शनचे जुने मनोरे २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंदही झाले.

थाळी मात्र खिशात मावत नाही. मोबाईलवर टीव्ही म्हटलं की परत मनोरा आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत मोबाईलवरचा डिजिटल टीव्ही सुरू केला होता. फोनला वेगळं डोंगल लावावं लागायचं, त्यामुळे तो फार पसरला नाही. डी-टू-एममध्ये ती चिप फोनच्या आत असणार. पूर, चक्रीवादळ, नेटवर्क बंद पडणं अशा वेळी एकाच वेळी लाखो फोनवर सूचना देता येईल, असं सांगितलं जातं. वसईत २०१८ च्या जुलैत पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, वीज गेली, तेव्हा अशा सोयीची किंमत आपल्याला कळली असती.

मुंबईच्या मनोऱ्यावरून ही सेवा कधी सुरू झालीच, तर मोजणीची गाडी अहमदाबाद महामार्गाने विरार फाट्यापर्यंत येऊन परत जाईल आणि नकाशावर वसई-विरार हिरव्या रंगात रंगेल, अशी शक्यता बरीच आहे. ती गाडी पारोळवरून भाताण्याच्या रस्त्याला वळवून घ्यायचं काम त्या भागातल्या ग्रामपंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी आत्तापासून मनावर घ्यायला हवं. मोजणी भर पावसाळ्यात, पत्र्याच्या घरात, फोन हातात धरून झाली पाहिजे, आणि आकडे महापालिका हद्दीचे वेगळे, पूर्वेकडच्या गावांचे वेगळे असे जाहीर व्हायला हवेत.